काढून ठेवायच्या वस्तू

माझ्या गोडाऊनमध्ये येऊन मलाच मूर्ख म्हणणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तोही 'आपण, आपण' करत.

"आपण हे किलोवर विकता?" त्यांनी विचारलं. हातात माझ्याच ढिगातली लॅपटॉपची बॅटरी होती.

"मेलेल्या बॅटऱ्या आहेत त्या. मग काय डझनावर विकू?"

"मेलेल्या? हे कुणी तपासलं? आपण?"

मी तेव्हाच त्यांना बाहेर काढणार होते. अकोल्याकडून एक ट्रंक आणि नवरा घेऊन मी पुण्यात आले, जुने कीबोर्ड विकत घेण्यापासून सुरुवात केली आणि धायरीत पत्र्याचं का होईना, स्वतःचं गोडाऊन उभं केलं. मोठमोठ्या ऑफिसांतल्या साहेबांशी मी भावावरून भांडले आहे आणि बहुतेक वेळा जिंकले आहे. पण या म्हाताऱ्यांनी कापडी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, त्या घरातून चष्म्याऐवजी मीटर काढला, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पान्हे, पेचकस काही आहे का? की तेही किलोवर गेलं?"

मी पेचकस दिला. का दिला, मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी बॅटरीचं प्लास्टिक शिवणीवरून अलगद उकललं. आत बोटाएवढे सहा सेल होते. एकेकाला मीटरच्या तारा लावत ते पुटपुटत गेले आणि शेवटी म्हणाले, "सहा जणांच्या बिऱ्हाडात दोघं आजारी आहेत. आणि आपण अख्खं बिऱ्हाड तिरडीवर बांधलंत. मेलेलं यात कुणी नाही. दोघं दमलेत. चौघं ठणठणीत आहेत."

मग त्या चौघांतल्या तिघांना त्यांनी एकापुढे एक धरलं, पिशवीतून स्कूटरच्या हेडलाइटचा दिवा काढला आणि तारा टेकवल्या. भर दुपारी माझी पत्र्याची भिंत पांढरीफेक झाली! मी दिव्याकडे बघितलं, मग मागच्या ढिगाकडे बघितलं. नऊ वर्षं मी तो ढीग डोळे मिटून टेम्पोत भरून देत होते. असा राग आला, आणि त्या रागाच्या आत असा आनंद झाला, की मी ओरडलेच, "अजून एक फोडा!"

त्या दिवशी आम्ही एकतीस फोडल्या. ते जेवायला घरी जायचं विसरले. माझ्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "चालेल."

हा 'चालेल' त्यांच्याकडचा सर्वांत मोठा पुरस्कार होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी त्यांना आधी 'सर' म्हणायचे. त्यांनी ते लगेच मोडून काढलं. "सर वर्गात असतात. मी प्रयोगशाळेत होतो. सरांचा प्रयोग फसू नये म्हणून आधी तारा जोडून ठेवणारा." अडतीस वर्षं एका कॉलेजात त्यांनी तेवढंच काम केलं होतं. तेव्हापासून मी 'काका' म्हणू लागले. ते मात्र मला कायम 'बाई' आणि 'आपण' म्हणत राहिले. शिवी दिल्यासारखं 'आपण' म्हणता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

राहायला ते मंडईमागच्या पेठेत होते. आठवड्यातून तीनदा बसने धायरीला यायचे, आणि दर खेपेला हातात अंड्यांचे रिकामे ट्रे असायचे. पुठ्ठ्याच्या त्या ट्रेमध्ये सेल उभे छान बसतात. एक ना दोन, शेकडो सेल ओळीने मांडता येतात. पण काका जन्मात अंडं न खाल्लेले, आणि मंडईतल्या अंडेवाल्याकडून ट्रे घेऊन भर पेठेतून चालत घरी जाणारे! शेजारच्या आजींनी एकदा काकूंना बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "डॉक्टरांनी सांगितलंय का हो यांना?" काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा काका शेजारीच बसले होते. म्हणाले, "रोज तीस खातो, असं सांगायचं होतंस. चौकशी थांबली असती."

प्रत्येक सेलवर ते काळ्या मार्करने दोन गोष्टी लिहायचे. त्यात किती जोर उरलाय तो आकडा, आणि तो भरून ठेवल्याची तारीख. तारीख म्हणजे तिथी! 'श्रावण व. ३', 'मार्गशीर्ष शु. ११'. सेल चीनचा, लॅपटॉप अमेरिकेचा, आणि अंगावर श्रावण वद्य तृतीया.

"काका, सरळ तारीख घाला ना."

"मला इंग्रजी महिन्यात बायकोचा वाढदिवससुद्धा आठवत नाही. सेलचं काय घेऊन बसलात?"

सेलवरच नाही, त्यांनी जे जे लिहिलं त्याखाली तिथी घातली. बसच्या वेळा लिहिलेला कागद, काकूंनी दिलेली वाणसामानाची यादी, माझ्या टेबलामागे लावलेली पाटी, सगळ्याखाली.

त्या पाटीवरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं.

मी त्यांना म्हटलं होतं, मला शिकवा. नुसते सेल काढून विकायचे नाहीत, ते एकमेकांना जोडून नवी बॅटरी, म्हणजे पूर्ण पॅक बांधायचाय. ते दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची पाटी घेऊन आले. वर लिहिलं होतं, 'टेबलाशी बसण्यापूर्वी काढून ठेवायच्या वस्तू'. खाली : बांगड्या. पाटल्या. मंगळसूत्र. जोडवी. अंगठी. घड्याळ. शेजारी त्यांनी खिळा ठोकला.

"मंगळसूत्र?" मी म्हटलं.

"ते आधी. वाकलात की ते पुढे लोंबतं. लोंबून सेल जोडणाऱ्या दोन पट्ट्यांवर पडलं की क्षणात लाल होतं. मग ते काढायला आपण उरणार नाही."

"आणि बांगड्या? काचेच्या आहेत या. काचेतून करंट जातो का?"

"काचेतून जात नाही. पण बाई आज काचेच्या घालते, उद्या सणाला सोन्याच्या घालते, आणि सवय तीच राहते. मी सवय काढून ठेवायला सांगतोय."

"सगळे बायकांचेच दागिने बरे आठवले तुम्हाला! आणि जोडवी कशाला? मी काय पायाने पॅक बांधणारे?"

त्यांनी मार्कर काढला आणि 'जोडवी'वर काट मारली. तेवढीच माझी जीत. मंगळसूत्र काढायला मला आठवडा लागला. आमचे हे दारात बसून सगळं ऐकत होते. ते वऱ्हाडी माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी अकरावं वाक्य खर्च केलं. "काढून ठेव नं वं. मी जिता आहो इथंच बसेल, त्या खिळ्याले काय पाहतं?"

मी मंगळसूत्र खिळ्याला अडकवलं आणि टेबलाशी बसले.

काय सांगू ते दिवस! निकेलची पातळ पट्टी सेलवर ठेवायची, वेल्डिंगच्या दोन टोकांनी दाबायची, पायाखालचं बटण दाबायचं, आणि 'टक्'! एक ठिणगी, आणि दोन परके सेल कायमचे एका घरचे. पहिल्या दिवशी मी पट्टीला भोकं पाडली. चौथ्या दिवशी टाके सरळ पडू लागले. दहाव्या दिवशी माझ्या हातचा पहिला पॅक पंखा फिरवत होता आणि मी त्या पंख्यासमोर उभी राहून एकटी हसत होते. काकांनी पॅक उलटा केला, नखाने पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, "बरं आहे." चालेल म्हणाले नाहीत.

आता खरी गोष्ट. आमच्या यांचे गुडघे.

आमचा सगळा माल तीनचाकी पायडल-गाडीवरून यायचा आणि ती गाडी आमचे हे मारायचे. धायरीचा चढ ज्याने सायकलने चढलाय त्यालाच माहीत. दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजलीये, पायडल मारणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे बंद करत नव्हते. चढावर उतरून, गाडी ढकलत, दातओठ खात वर यायचे आणि मला म्हणायचे, काही नाही, हवा कमी होती चाकात. मी ठरवलं, गाडीला मोटर लावायची. मोटर जुन्या बाजारातून आणली. राहिला पॅक. एकशे चार सेलचा, माझ्या हातचा. आणि मी गल्लीतल्या सगळ्या भंगारवाल्यांसमोर बोलून बसले, की दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालीन आणि त्या दिवसापासून माझा नवरा पायडल मारणार नाही.

सेल निवडून, भरून ठेवले त्या दिवशी काकांनी सगळ्यांवर लिहिलं, 'भाद्रपद व. ७'. आणि म्हणाले, "एकवीस दिवस."

हा त्यांचा नियम. जुना सेल पूर्ण भरायचा आणि एकवीस दिवस नुसता ठेवून द्यायचा. चांगला असेल तर भरलेला राहतो. गळका असेल तर आपोआप उतरत जातो. एक गळका सेल पॅकमध्ये गेला की शेजाऱ्यांनाही खाली ओढतो. हे सगळं मला पटत होतं. पण मी बोटांवर मोजलं. एकवीस दिवस म्हणजे दसरा उलटून तीन दिवस.

"दहा," मी म्हटलं.

"एकवीस."

"काका, बारा. जो गळायचा तो बारा दिवसांत गळतोच."

"एकवीस."

"पंधरा. माझं नाही, तुमचं नाही."

"बाई, हा वांग्यांचा भाव नाही."

"मधे एका तिथीचा क्षय आहे. मी कॅलेंडर बघितलंय. म्हणजे तुमचे एकवीस माझे वीसच होतात!"

"सेलला पंचांग कळत नाही."

"मग अंगावर पंचांग कशाला लिहिता त्याच्या?"

ते हसले नाहीत. "कोजागिरीला काढा गाडी. दूध आणायला बरी पडेल."

मी आयुष्यात इतक्या जणांशी घासाघीस केली. सगळे कुठेतरी हलतात. हा माणूस एका दिवसाने हलला नाही. आणि तिकडे संध्याकाळी आमचे हे चढ चढून आले, गाडीला टेकले आणि पाणी मागायलाही त्यांना दम उरला नव्हता. मी मनात ठरवून टाकलं.

सोळा दिवस थांबले. त्यात तीन सेल उतरले होते, ते बाजूला काढले आणि दुसरे घातले. मग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, काका येणार नव्हते तेव्हा, मंगळसूत्र खिळ्याला अडकवून बसले आणि पॅक बांधला. एकटीने! एकशे चार सेल, एकही टाका वाकडा नाही. संध्याकाळी मीटर लावला तेव्हा आकडा बघून मी आमच्या यांना मिठीच मारली. ते गडबडून म्हणाले, "अवं, दार उघडं हाय."

खंडेनवमीला सकाळी काका आले. टेबलावर पॅक उघडाच होता, वरचं झाकण बसवायचं बाकी होतं. मी भांडणाच्या तयारीनेच उभी होते. पण त्यांनी नुसत्या तिथ्या मोजल्या असणार मनात. चष्मा वर केला, 'बघू' म्हणाले आणि माझे टाके बघायला वाकले. ऑक्टोबरचं ऊन, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी. आणि त्या फटीतून त्यांच्या जानव्याला बांधलेली पितळेची लांब किल्ली घरंगळली, झोका घेऊन पुढे आली आणि नेमकी दोन पट्ट्यांच्या मधोमध पडली.

'फट्' करून निळा उजेड. किल्ली पट्टीला चिकटली! वेल्ड झाली! आणि किल्लीला जानवं, जानव्याला काका. ते मागे सरकले तर पॅकही त्यांच्यामागे टेबलावरून सरकू लागला. किल्ली तांबडी होत होती. अडतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस "अहो, अहो" एवढंच म्हणत होता. कात्री लोखंडाची, ती आत घालायची सोय नाही. मी पुढे होऊन त्यांच्या गळ्यापाशी जानवं पकडलं आणि दातांनी तोडलं. हो, दातांनी. तुटलं तसे काका मागे खुर्चीत बसले. आमच्या यांनी बांबूची काठी घालून किल्ली उचकटली, आणि आम्ही दोघांनी फळीसकट पॅक उचलून अंगणातल्या वाळूत नेऊन ठेवला.

तिघंही लांब उभे राहून बघत होतो. धूर आला, थांबला. पेट घेतला नाही.

काकांनी पहिलं वाक्य काय उच्चारावं? "सोळाच दिवस झाले होते."

माझा जो भडका उडाला तो वाळूच्या बादलीने विझला नसता. "किल्ली कुणाची होती? दिवस सोळा होते की सोळाशे, किल्लीला काय फरक पडत होता? मंगळसूत्र माझं खिळ्याला, बांगड्या माझ्या खिळ्याला, आणि तुम्ही गळ्यात कुलपाची दुकानदारी घेऊन फिरता?"

ते म्हणाले, "किती सेल गेले?"

मोजले. किल्ली ज्या दोन रांगांवर पडली होती त्यांतले सोळा. बाकी अठ्ठ्याऐंशी गार आणि धड होते. सोळा सेल, आणि उद्या दसरा. माझ्याकडे भरून ठेवलेला एकही जास्तीचा सेल नव्हता. आमचे हे म्हणाले, "राहू दे. मले काही घाई नाही." आणि असं म्हणताना ते गुडघा चोळत होते.

"रिक्षा बोलवा," काका उठत म्हणाले. "माझ्या घरी कपाटात आहेत. एकवीस दिवस झालेले. एकवीस कसले, कित्येकांना वर्ष झालंय."

आयुष्यभर निवडून ठेवलेले त्यांचे सर्वांत चांगले सेल त्या कपाटात होते. स्वतःसाठी एक बिनचूक पॅक बांधायचा होता त्यांना. तो कधी बांधून झाला नाही, कारण दरवेळी एखादा आणखी चांगला सेल सापडायचा. ते कपाट काकूंनाही उघडायची परवानगी नव्हती. आणि कपाटाची एकुलती एक किल्ली आत्ता माझ्या वाळूत काळी पडून होती.

पेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी छिन्नी आणि हातोडा घेऊन कुलूप फोडलं. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "फोडा, फोडा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, यांनी आत दागिने ठेवलेत." आत अंड्यांचे ट्रे होते, एकावर एक, वरपर्यंत. काकांनी सोळा सेल निवडले. प्रत्येक देताना त्यावरची तिथी वाचत होते, पाहुण्यांना नातवंडांची नावं सांगावीत तशी.

संध्याकाळच्या आत पॅक पुन्हा उभा राहिला. टाके मीच घातले. सेल धरत होते ते काका.

दसऱ्याला सकाळी गाडीला माळ घातली, नारळ फोडला. अख्खी गल्ली जमली. गाडीवर मुद्दाम मी जुने मॉनिटर लादायला लावले. आमचे हे सीटवर बसले, पाय पायडलवरून उचलून मधल्या दांडीवर ठेवले आणि मूठ पिळली. आणि गाडी निघाली! चढाच्या पायथ्याशी जरा कण्हली, मग सरळ वर, वर, वर! मी मागे पदर खोचून धावत होते. वर पोचल्यावर हे उतरले, दोन पावलं चालले आणि मला म्हणाले, "पाय कसे हलके हायेत पाय." आम्हा दोघांना रडू आलं. मी वळून काकांना शोधलं. ते नव्हते. चढ बघायला ते आलेच नव्हते. गोडाऊनमध्ये बसून राहिले होते. आम्ही परत आलो तेव्हा पिशवी खांद्याला लावून निघत होते. "चालली? बरं झालं," म्हणाले आणि बसला गेले.

सोळा सेल दिले, पण एक शब्द दिला नाही. 'चुकलं' नाही, 'चालेल' नाही. हे मला लागलं.

पुढे तीन महिन्यांनी पॅकमधली एक रांग उतरू लागली. एक सेल गळका निघाला, माझ्या सोळा दिवसांतला. बदलला, काम संपलं. पण काकांना हत्यार मिळालं. कुणीही शिकायला आलं की म्हणायचे, "या बाईंनी सोळा दिवसांत पॅक बांधला. मग काय होणार?" किल्लीचं अवाक्षर नाही. एकदा, दोनदा, पाचदा ऐकलं. सहाव्यांदा, चार माणसं समोर असताना मी म्हटलं, "आणि किल्ली कुणाची होती, तेही सांगा. नाहीतर इथे येऊ नका." त्यांनी मीटरच्या तारा गुंडाळल्या, मीटर चष्म्याच्या घरात ठेवला आणि गेले. दोन वर्षं आले नाहीत. मीही गेले नाही. आमचे हे अधूनमधून म्हणायचे, "काहून अशी करतं वं? बुढा माणूस हाय." मी म्हणायचे, एक शब्द म्हणू दे, गाडी घेऊन आणायला जाते.

आता माझ्याकडे पाच बायका पॅक बांधायला बसतात. गेल्या आठवड्यात भिंत रंगवायची म्हणून खिळ्यावरचे सगळ्यांचे ॲप्रन, पिशव्या काढल्या आणि पाटी उतरवली. ती पाटी मला पाठ होती, म्हणूनच कधी वाचत नव्हते. हातात घेतली तर ॲप्रनखाली झाकलेल्या शेवटच्या कोपऱ्यात, 'घड्याळ'च्या खाली, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती.

'जानव्याची किल्ली. आश्विन शु. १०.'

आश्विन शुद्ध दशमी म्हणजे दसरा. आम्ही चढावर ओरडत होतो तेव्हा ते इथे एकटे बसून हे लिहीत होते!

मी रंगाचा ब्रश तसाच टाकला. पाटी काखेत मारली, आमच्या यांना गाडी काढायला लावली आणि तशीच रंगाच्या हातांनी मंडईपर्यंत गेले. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी बसले होते, पुढ्यात अंड्यांचा ट्रे. मी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला, सावकाश वाचलं, माझ्या रंगलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी लेखी दिलं होतं. आपल्याला वाचायला अडीच वर्षं लागली, यात माझा काय दोष?"

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला भांडायचं होतं, पण हसू आवरेना.

"तोंडाने म्हणा एकदा," मी म्हटलं. "मग सोडते."

त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली, मीटर चष्म्याच्या घरात घातला, ट्रे काखेत घेतला आणि चपला शोधू लागले. खाली गाडीत बसल्यावर त्यांनी पॅकवर हात ठेवला. मग आमच्या यांना विचारलं, "चढावर दमतो का हा?"

"अजिबात नाही, काका."

"हं," ते म्हणाले. "चालेल."

यांना म्हणाले, मला नाही. ते मी अजून विसरलेले नाही.